सातपुड्यातील कोरकू भाषा

भोपाळहून नागपूरकडे जाणारी आगगाडी बुधनीचा घाट उतरून नर्मदा ओलांडते, इटारसी मागे टाकते आणि सातपुड्याच्या सागवनात शिरते. फलाटांवर प्रथम हिंदी ऐकू येते. बैतुल, आमला ही स्थानके गेल्यावर हळूहळू तिच्यात मराठी मिसळू लागते, आणि प्रवाशाला वाटते की, येथे एक भाषा संपली व दुसरी सुरू झाली. ही समजूत अपुरी आहे. रुळांच्या दोन्ही बाजूंस पसरलेल्या ह्या डोंगरांत एक तिसरी भाषा बोलली जाते. तिचे हिंदीशी नाते नाही, मराठीशी नाही, आणि शेजारच्या गोंडीशीही नाही. ती म्हणजे कोरकू.

पुष्कळ सुशिक्षित लोक तिला ‘जंगली लोकांची बोली’ म्हणून बाजूस सारतात. बोली म्हणजे कोणत्या तरी मोठ्या भाषेचे मोडके रूप, अशी त्यांची कल्पना असते. कोरकूच्या बाबतीत ती किती चुकीची आहे, हे घरगुती वापरातील दहावीस शब्द नीट तपासले तरी कळून येईल. म्हणून ह्या लेखात आपण व्याकरणाच्या मोठ्या ग्रंथांपेक्षा त्या शब्दांकडेच अधिक पाहू.

प्रारंभ नावापासून करू. कोरकूत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हा ‘कोरकू’ म्हणजे केवळ ‘माणसे’. मध्य प्रदेशातील बैतुल, हरदा, खंडवा, बुऱ्हाणपूर, छिंदवाडा व नर्मदापुरम् (२०२२ पर्यंतचे होशंगाबाद) हे जिल्हे आणि महाराष्ट्रातील अमरावती जिल्ह्याचा मेळघाट, म्हणजे धारणी व चिखलदरा हे तालुके, हा कोरकू लोकांचा मुख्य प्रदेश होय. २०११ च्या जनगणनेत ७,२७,१३३ लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा असल्याचे सांगितले. त्याच जनगणनेत मराठी भाषकांची संख्या ८,३०,२६,६८० होती. आकड्यांत फार मोठे अंतर आहे. परंतु सात लक्ष माणसे ज्या भाषेत आपल्या मुलांना हाका मारतात, ती भाषा लहान म्हणता येईल, क्षुल्लक म्हणता येणार नाही.

ह्या प्रदेशाच्या मधून आज दोन राज्यांची सीमा जाते. ती प्राचीन नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बैतुल, होशंगाबाद, निमाड, छिंदवाडा आणि अमरावती हे सारे जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. नागपूरच्या कचेऱ्यांतून अनेक मराठी कुटुंबे भोपाळास आली, ती ह्याच फेरबदलामुळे. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले व ती सीमा कायम राहिली. ज्या घटनेने मराठी मुले हिंदी प्रांताच्या राजधानीत आणली, तिनेच कोरकू मुलांचे दोन भाग केले: एका भागाने शाळेत हिंदी शिकावी, दुसऱ्याने मराठी. कोरकू मात्र कोणीच शाळेत शिकावी असे ठरले नाही.

आता शब्दांकडे वळू. प्रथम एक सूचना देणे अवश्य आहे. कोरकू उच्चार देवनागरीत जवळपासच उतरतात. विशेषतः शब्दाच्या अखेरीस येणारी काही व्यंजने पूर्णपणे उच्चारली जात नाहीत. ओठ किंवा जीभ आपल्या जागी जाते, आणि श्वास तेथेच गिळून टाकला जातो. आपल्या लिपीत ह्या गिळलेल्या ध्वनीसाठी रूढ असे चिन्ह नाही.

कोरकू घराला ‘उरा’ म्हणतात. पाण्याला ‘दा’, विस्तवाला ‘सिंगेल’, मिठाला ‘बुलुम’. जेवणे किंवा खाणे ह्यासाठी ‘जोम’ आणि पिणे ह्यासाठी ‘नू’ हे धातू आहेत. शरीराचे अवयव पाहिले तर हात म्हणजे ‘ति’, डोळा म्हणजे ‘मेड’, कान म्हणजे ‘लुतुर’. दारातील कोंबडीला ‘सिम’, रानातील अस्वलाला ‘बाना’ आणि वाघाला ‘कुला’ म्हणतात. मासा ‘काकू’ होय; हे ऐकून आपल्याला हसू येईल, पण कोरकू मुलाला आपली ‘काकू’ ऐकून तितकेच हसू येत असेल. मूल म्हणजे ‘कोन’, वारा म्हणजे ‘कोयो’, झाडाचे पान म्हणजे ‘साकोम’, आणि ज्यावाचून सातपुड्यातील घर उभे राहत नाही तो बांबू म्हणजे ‘माड’.

ह्या यादीत संस्कृतोद्भव शब्द एकही नाही. मग हे शब्द आले कोठून? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला शेकडो मैल पूर्वेकडे, छोटा नागपूरच्या पठारावर जावे लागते. तेथील संथाळ लोक डोळ्याला ‘मेत्’, कानाला ‘लुतुर’, हाताला ‘ति’, विस्तवाला ‘सेंगेल’, मिठाला ‘बुलुंग’, कोंबडीला ‘सिम’, अस्वलाला ‘बाना’ आणि पानाला ‘साकाम’ म्हणतात. खाणे ह्या अर्थी तेथेही ‘जोम’ हाच धातू आहे. संथाळी व कोरकू ह्यांच्यामध्ये आज गोंडी, हिंदी व छत्तीसगढी बोलणाऱ्यांचा विस्तीर्ण मुलूख पसरला आहे, आणि ह्या दोन जमातींची एकमेकींशी गाठही पडत नाही. असे असता इतके साम्य योगायोगाने येणे अशक्य. संथाळी, मुंडारी, हो आणि कोरकू ह्या एकाच कुळातील बहिणी आहेत. त्या कुळाला मुंडा भाषांचे कुळ म्हणतात, आणि कोरकू ही त्यातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा होय.

केवळ साम्यापेक्षा भेद अधिक बोलका असतो. मुंडारी भाषेत माणसाला ‘होडो’ म्हणतात, मुलाला ‘होन’, वाऱ्याला ‘होयो’ आणि माशाला ‘हाकू’. ह्यांच्या शेजारी कोरकूचे ‘कोरो’, ‘कोन’, ‘कोयो’, ‘काकू’ ठेवून पाहा. जेथे कोरकूत आरंभी ‘क’ आहे तेथे मुंडारीत ‘ह’ आहे. एका शब्दात नव्हे, शब्दामागून शब्दात. भाषाशास्त्रज्ञ नाते ठरवतात ते अशा नियमितपणावरून. एखादा चाणाक्ष विद्यार्थी येथे विचारील की, वाघाला मुंडारीतही ‘कुला’च म्हणतात, तेथे ‘क’चा ‘ह’ का झाला नाही? प्रश्न रास्त आहे. ह्यावरून काही अभ्यासक असे मानतात की, ह्या भाषांच्या मूळ जननीत ‘क’सारखे दोन निरनिराळे ध्वनी होते, एकाचा पुढे ‘ह’ झाला, दुसरा तसाच राहिला. एक अपवाद नीट न्याहाळला म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचा एक हरवलेला ध्वनी सापडू शकतो, ही ह्या शास्त्रातील मोठी मौज आहे.

हे कूळ भारतातच संपत नाही. १९०६ साली व्हिल्हेल्म श्मिट ह्या विद्वान धर्मगुरूने मुंडा भाषा, मेघालयातील खासी, ब्रह्मदेशातील मोन आणि कंबोडियातील ख्मेर ह्या सर्वांचे एक मोठे कूळ मानून त्याला ‘ऑस्ट्रोएशियाटिक’ असे नाव दिले. व्हिएतनामी भाषाही ह्याच कुळात गणली जाते. कोरकूत हात ‘ति’, खासीत ‘क्ती’, व्हिएतनामीत ‘ताय’. डोळा कोरकूत ‘मेड’, खासीत ‘ख्मत’, व्हिएतनामीत ‘मात’. म्हणजे मेळघाटातील एखाद्या पाड्यावर डोळे चोळीत उठलेले पोर जो शब्द उच्चारते, त्याचे भाऊबंद दक्षिण चिनी समुद्राच्या काठावर नांदत आहेत.

येथे एक इशारा देऊन ठेवतो. पाण्याला ‘दा’ म्हणतात हे कळताच पुष्कळांना मोह होतो की, नर्मदेच्या नावातील शेवटचे ‘दा’ हेच असावे. पण ‘नर्मदा’ हा शब्द संस्कृतात ‘सुख देणारी’ असा सरळ लागतो, आणि एका अक्षराच्या साम्यावर सिद्धान्त उभारणे म्हणजे वाळूवर घर बांधणे होय. वर ‘क’ आणि ‘ह’ ह्यांची जी साखळी दाखवली, तसा पुरावा नसेल तर अशा कल्पना करमणुकीपुरत्याच ठेवाव्यात.

कोरकूतील अंक असे: मिया, बारी, आपै, उपून, मोनोई, तुरुई, येई, इलार, आरेई, गेल. संथाळीत सहाला ‘तुरुई’, नवाला ‘आरे’ व दहाला ‘गेल’ म्हणतात. आठाला मात्र संथाळीत ‘इराल’ आणि कोरकूत ‘इलार’. ‘र’ आणि ‘ल’ ह्यांनी जागा बदलल्या आहेत. आपल्याकडे ‘चाकू’चा ‘काचू’ होतो, तसलाच हा प्रकार. मोठी संख्या विसांच्या हिशेबाने मोजण्याची पद्धतही ह्या भाषांत आहे, आणि आपल्या जुन्या ‘विसा’ मोजणाऱ्या माणसांना ती मुळीच परकी वाटली नसती. पण बाजार हिंदीत किंवा मराठीत चालतो. त्यामुळे थोड्याशा अंकांपलीकडे कोरकू माणूस सर्रास शेजारभाषेचे अंक वापरतो. भाषेला ओहोटी लागते ती बहुधा अशी, बाजाराच्या बाजूने. चूल आणि पाळणा सर्वांत शेवटी जातात.

परंतु कोरकूचे खरे वैभव पाहावयाचे असेल तर तिच्या सर्वनामांत पाहावे. मी म्हणजे ‘इंज’ आणि तू म्हणजे ‘आम’, इथपर्यंत विशेष काही नाही. पुढे मात्र मराठी वाचकाला ओळखीची खूण पटेल. हिंदी मित्र जेव्हा म्हणतो, “हम कल साँची जाएँगे,” तेव्हा आपल्याला आमंत्रण आहे की नाही हे त्या ‘हम’वरून कळत नाही. मराठीत असा घोटाळा होत नाही. “आम्ही उद्या सांचीला जाणार” म्हटले की ऐकणारा वगळला गेला. “आपण जाऊ” म्हटले की तो डबा बांधायला मोकळा. (भोपाळच्या बोलीतील ‘अपन’ हे सर्वनाम ही उणीव बरीच भरून काढते, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे.) कोरकूत हा भेद आपल्याइतकाच काटेकोर आहे: ‘आले’ म्हणजे आम्ही, ‘आबुंग’ म्हणजे आपण. आणि ती आपल्याही एक पाऊल पुढे आहे. आपण दोघेच असू तर ‘आलांग’, आणि तुला वगळून आम्ही दोघे असू तर ‘आलिंग’. ज्या एका ‘हम’ने हिंदीचे काम भागते आणि ज्या ठिकाणी मराठीला दोन शब्द लागतात, तेथे कोरकूजवळ चार आहेत.

संस्कृताच्या तासाला ‘देवः देवौ देवाः’ पाठ करताना अनेक विद्यार्थी कुरकुर करतात की, हे द्विवचन कोणी व कशासाठी काढले? संस्कृतातील द्विवचन पाली-प्राकृतांच्या काळीच लोपले आणि मराठीला ते मिळालेच नाही. पण भोपाळहून काही तासांच्या अंतरावर निरक्षर आजीबाईसुद्धा ते रोज बिनचूक वापरतात. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कोरोकिंग’ म्हणजे दोन माणसे, आणि ‘कोरोकू’ म्हणजे पुष्कळ माणसे. हे प्रत्यय सजीवांच्या नामांस लागतात. दगडधोंड्यांस त्यांची गरज पडत नाही. कारण कोरकूत पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी मूळची व्यवस्था नसून सजीव आणि निर्जीव असा भेद आहे. ‘तो खांब, ती भिंत, ते दार’ असे का म्हणावयाचे, ह्याचे उत्तर आपण कोणीच देऊ शकत नाही. सजीव-निर्जीवाचे उत्तर मात्र लहान मूलही देईल. ह्या दोन व्यवस्थांत ‘रानटी’ कोणती, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता ह्या भाषेच्या शेजाराविषयी थोडेसे. सातपुड्याच्या ह्या पट्ट्यात पाणी मागावयाचे तर मराठी माणूस ‘पाणी’ म्हणेल, गोंड ‘येर’ म्हणेल, कोरकू ‘दा’ म्हणेल, आणि बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोदच्या बाजूस राहणारा निहाल ‘जोप्पो’ म्हणेल. पहिला शब्द आर्यकुळातला, दुसरा द्राविडी, तिसरा मुंडा. चौथ्याचे कूळ अद्याप कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळलेले नाही. निहाली भाषेत कोरकूचे शब्द इतके शिरले आहेत की, एकेकाळी तिला कोरकूचीच पोटभाषा समजत. १९६२ मध्ये कायपर ह्या डच पंडिताने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोरकू, द्राविडी व आर्य शब्द बाजूला काढल्यावरही काही शब्द असे उरतात की, त्यांना जगात कोठे सोयरे नाहीत, हे त्यातून पुढे आले. आज निहाली बोलणारे सुमारे दोन-अडीच हजारच आहेत. म्हणजे हिंदी-मराठीपुढे जी कोरकू दुबळी दिसते, तिनेच आपल्याहून दुबळ्या शेजारणीला जवळजवळ गिळून टाकले आहे. भाषांच्या जगात सज्जन-दुर्जन असा निवाडा करणे सोपे नसते.

कोरकूचा अभ्यास झालेलाच नाही असे मात्र नाही. जॉन ड्रेक ह्या मिशनऱ्याने १९०३ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीच्या १९०६ मधील चौथ्या खंडात तिला स्थान मिळाले. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नॉर्मन झाइड ह्यांनी १९६० मध्ये तिच्या ध्वनींवर प्रबंध लिहिला, आणि डॉ. नागराज ह्यांचे व्याकरण, कथा व शब्दसंग्रह असे तिहेरी पुस्तक १९९९ मध्ये टोकियोहून निघाले. हे सारे ग्रंथ इंग्रजीत आहेत. सातपुड्यातील भाषेचा शब्दसंग्रह जपानात छापला जातो आणि सातपुड्यातील शाळेत त्यातला एकही शब्द फळ्यावर लिहिला जात नाही, ही विसंगती मनाला टोचल्यावाचून राहत नाही. तिची पूर्वेकडील बहीण संथाळी ह्या बाबतीत भाग्यवान ठरली. रघुनाथ मुर्मू ह्यांनी १९२५ मध्ये तिच्यासाठी ‘ओल चिकी’ ही स्वतंत्र लिपी रचली, आणि २००३ च्या घटनादुरुस्तीने तिचा आठव्या परिशिष्टात समावेश झाला. तिचे भाषक ७३ लक्षांहून अधिक आहेत, हे त्यामागील एक कारण असेल. पण केवळ संख्येने लिपी निर्माण होत नाही. आपली भाषा लिहिण्यायोग्य आहे असे आधी कोणाला तरी वाटावे लागते.

शाळेचा विषय निघालाच आहे, तर कोरकू मूल पहिलीत पाऊल टाकते तेव्हा त्याच्या कानावर काय पडते ते पाहू. मध्य प्रदेशात असेल तर बाई म्हणतात, ‘आ – आम का’. घरी ‘आम’ म्हणजे तू. फळाचे चित्र आणि ‘तू’ ह्यांची सांगड ते बिचारे कशी घालणार? महाराष्ट्रात असेल तर ‘ती’ म्हटल्यावर त्याला आपला हात आठवतो. “गेले दहा दिवस” हे शब्द कानी पडले तर त्याला वाटावे, दहा दोनदा का सांगितले? “पाहुणे आले” ह्या दोन शब्दांच्या वाक्यात त्याला ‘आम्ही’ ऐकू येते. कोरकूत ‘बाकी’ हा शब्द ‘करू नकोस’ असा निषेध सांगतो. तेव्हा “बाकीचे लिहा” ही आज्ञा त्याला कशी वाटत असेल? मूल गप्प बसते. मग शेरा मिळतो की, मूल मंद आहे. वास्तविक ह्या मुलाला चार प्रकारचे ‘आम्ही’ येतात, द्विवचन येते, आणि ज्या रानातून ते शाळेत चालत आले त्यातील झाडापाखरांची नावे येतात. परीक्षेत त्यातले काहीच विचारले जात नाही.

भारतीय राज्यघटनेच्या ३५० (क) ह्या अनुच्छेदाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून प्रत्येक राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावयाचा आहे. हा अनुच्छेद घटनेत आला तो १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने, म्हणजे राज्यांच्या सीमा बदलल्या त्याच वेळी. भोपाळसारख्या हिंदी नगरात आपण मराठीतून गणित व इतिहास शिकतो, ते ह्याच तत्त्वाला धरून. मराठी मुलाजवळ अक्षरओळख, पाठ्यपुस्तके, शब्दकोश आणि दूर का होईना, एक संबंध राज्य पाठीशी होते. कोरकू मुलाजवळ ह्यांपैकी काही नाही. अधिकार मात्र तोच आहे.

भोपाळच्या श्यामला टेकडीवरील जनजातीय संग्रहालयात, जे २०१३ मध्ये खुले झाले, गोंड, भिल्ल, बैगा ह्यांच्याबरोबर कोरकूंचेही जीवन मांडलेले आहे. कोरकू लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ सागवानी फळी कोरून उभी करतात. तिच्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतात. लाकूड संग्रहालयात ठेवता येते. ‘आलांग’ आणि ‘आलिंग’ ह्यांतला भेद मात्र कपाटात ठेवून टिकणारा नव्हे. तो टिकण्यासाठी दोन माणसे समोरासमोर बसून बोलावी लागतात. पहिलीच्या वर्गात शिक्षकाने डोळ्यावर बोट ठेवून ‘मेड’ म्हणावे, कानाला हात लावून ‘लुतुर’ म्हणावे, मडक्याकडे बोट दाखवून ‘दा’ म्हणावे आणि मग तेथेच ‘डोळा, कान, पाणी’ हे शब्द द्यावेत, एवढ्यासाठी ह्या लेखात आलेले शब्दही पहिल्या आठवड्याला पुरतील.